गौरीपुरत्या गोळ्या

सुलभाताई थर्मामीटर शोधायला औषधांच्या खणाशी गेल्या, आणि रबरबँड लावून बाजूला ठेवलेली गोळ्यांची पाकिटं त्यांना जागेवर दिसली नाहीत.

शेवटची केमो होऊन महिना होत आला होता, तरी सकाळी ताप बघायची सवय काही सुटली नव्हती. हॉस्पिटलातल्या नर्सने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, की अंग गरम वाटलं तर आधी मोजायचं, मग फोन करायचा, आणि देवाचं नाव घ्यायचं ते फोन लागेपर्यंत. सुलभाताईंना ती बाई फार आवडली होती. नामस्मरणाला वेळ नेमून देणारी माणसं हल्ली भेटतात कुठं?

खणात बाकी सगळं होतं. अमृतांजन होतं, ओव्याचा अर्क होता, मधुकररावांच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या होत्या. नव्हत्या त्या फक्त पाळी लांबवायच्या गोळ्या. फार्मसीत नष्ट करायला द्यायच्या म्हणून त्यांनी स्वतःच्या हाताने त्या बाजूला काढल्या होत्या.

मधुकरराव हॉलमध्ये पूजेच्या साहित्याची पिशवी भरत बसले होते. आज गौरींचं आवाहन. इतकी वर्षं गौरी त्यांच्याच घरी, हॅमिल्टनला येत. यंदा सुलभाताईंच्या आजारपणामुळे त्या ऑकलंडजवळ पापाकुराला, धाकट्या दिराकडे, जगदीशकडे जाणार होत्या. पूजा सांगायला मधुकरराव दुपारी निघायचे होते. सुलभाताईंनी घरीच आराम करायचा असं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे मधुकररावांनी ठरवलं होतं.

"अहो, खणातल्या गोळ्या कुठं गेल्या?"

"कुठल्या?"

"पाळीच्या."

मधुकररावांनी कापसाची वस्त्रं मोजून डब्यात घातली आणि झाकण लावलं. "जगदीशला दिल्या. मागच्या रविवारी आला होता ना."

"जगदीशला कशाला?"

"त्याला कशाला लागतील! दमयंतीला. तिचं काहीतरी अधूनमधून सुरू झालंय म्हणे. गौरी तोंडावर आलेल्या, सगळं सोवळ्यातलं तिलाच करायचं. तुझ्या उरल्याच होत्या. म्हटलं, वाया कशाला घालवा."

सुलभाताई खुर्चीची पाठ धरून उभ्या राहिल्या. पायांत केमोचा बधिरपणा अजून होता.

"दमयंतीची पाळी जाऊन किती वर्षं झाली, ठाऊक आहे तुम्हाला?"

"मला कसं ठाऊक असणार? काहीही काय विचारतेस."

त्यांना ठाऊक होतं. दमयंतीची पाळी गेली तेव्हा दोघी जावांनी याच स्वयंपाकघरात वेलदोड्याचा चहा केला होता आणि 'सुटलो गं बाई' म्हणून टाळी दिली होती. सुलभाताई तिच्याआधी सुटल्या होत्या. तेव्हापासून त्यांचा नेम एका दिवसाने म्हणून चुकला नव्हता. पहाटेची अंघोळ, तुळशीला पाणी, देवाच्या अंगावरचं कालचं निर्माल्य काढणं, अथर्वशीर्ष, सोमवार, एकादशी. सुनेच्या वयापासून दर महिन्याला चार दिवस देवघराच्या दाराशी थांबलेली बाई ती. आता कुणी थांबवणार नाही याचं त्यांना कोण अप्रूप होतं!

"माझं काय झालं ते तिला सांगितलंत?"

"पोटाचं ऑपरेशन झालं हे सगळ्यांना माहीत आहे."

"कशाचं ऑपरेशन?"

"सुलभा, सणाच्या दिवशी हे कशाला? हर्निया म्हणून सांगितलंय, तेवढं पुरे आहे. बायकांचे आजार काय चव्हाट्यावर मांडायचे असतात?"

बायकांचे आजार. गर्भाशय हा शब्द मधुकररावांच्या तोंडून आजवर निघाला नव्हता. ते 'खालचं' म्हणत. डॉक्टरसमोर इंग्रजीत म्हणत, कारण इंग्रजीत लाज वाटत नाही.

मागच्या वर्षी गौरींच्या आधीच सुलभाताईंना परकरावर लाल डाग दिसला होता. बासष्टावं वर्ष. त्या घाबरून नवऱ्याकडे गेल्या, आणि नवरा म्हणाला, "आत्ता? अगं, गौरी आठवड्यावर आल्या!" तो 'आत्ता' त्यांच्या कानातून अजून गेला नव्हता. डॉक्टर हा शब्द दोघांपैकी एकाच्याही मनात आला नाही. मनात आल्या त्या गोळ्या. इथल्या मराठी घरांत हिंग, मेतकूट आणि या गोळ्या, पुण्याहून येताना बॅगेत असतातच. लग्न, मुंज, सत्यनारायण असला की बायका एकमेकींना हळूच विचारतात, 'आहे का गं एखादं पाकीट?' तसंच एक पाकीट निघालं. रक्त थांबलं. गौरी जेवल्या, हळदीकुंकू झालं, सगळ्यांनी पुरणपोळीची तारीफ केली. गोळ्या बंद केल्यावर पुन्हा लाल दिसलं, तेव्हा सुलभाताईंना वाटलं, लांबवलेलं आता येतंय. मग नवरात्र आलं, पुन्हा गोळ्या. दिवाळी आली, पुन्हा गोळ्या. संक्रांतीला गोळी घेऊनही थांबेना, तेव्हा त्या कुणालाही न विचारता बसने डॉक्टरकडे गेल्या.

तोवर कॅन्सर गर्भाशय सोडून बाहेर लसिकाग्रंथींपर्यंत पोचला होता.

पुण्याहून नणंदेचा फोन आला होता. तिला मधुकररावांनी खरं काय ते सांगितलं होतं, बहीण म्हणून. ती म्हणाली, "वहिनी, एखादं व्रत अर्धवट सुटलं असेल हो. आठवून बघा." आणि सुलभाताई खरोखरच आठवत बसल्या होत्या. दोन दिवस. आता त्या दोन दिवसांचाच त्यांना सगळ्यात जास्त संताप येत होता.

"मी दमयंतीला फोन करते," त्या म्हणाल्या.

"अगं, तीन दिवसांचा तर प्रश्न आहे! गौरींचं विसर्जन झालं की जाईल ती डॉक्टरकडे. तीन दिवसांनी काय आभाळ कोसळतंय?"

"माझेही तीनच दिवस होते."

मधुकरराव अत्तराची कुपी पिशवीत सरकवत म्हणाले, "तुला आता सगळ्यातच तुझं दिसतं."

सुलभाताईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. हा माणूस दूध पावडरीच्या कारखान्यात दर्जा तपासणीचा मुख्य होता. एका चमचाभर नमुन्यात काहीतरी शंकास्पद दिसलं म्हणून यांनी ऐन हंगामात अख्खी लाइन बंद पाडली होती. मोठ्या साहेबाचा फोन आला तरी बधले नव्हते. वरचे ओरडले, ट्रक उभे राहिले, आणि हे घरी येऊन छाती काढून म्हणाले होते, 'शंका आली की थांबायचं. आधी थांबायचं, मग शोधायचं.' निवृत्तीच्या वेळी याच गोष्टीवर भाषणं झाली होती.

"चमचाभर पावडरीसाठी कारखाना थांबवलात तुम्ही," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीसारखाच मऊ होता, फक्त शब्द एकेक सुटा येत होता. "माझं रक्त बघून गौरी नाही थांबवता आल्या."

"ते वेगळं होतं. ती जबाबदारी होती."

"आणि मी?"

मधुकरराव पिशवीचे बंद बांधता बांधता पुटपुटले, "आणि तिकडं यायचा हट्ट धरू नकोस. हळदीकुंकवाला येणाऱ्या बायकांना काय सांगायचं? सवाष्णींच्यात असं डोकं बरं दिसतं का?"

सुलभाताईंचा हात आपसूक स्कार्फवर गेला. मग त्यांनी तो हात मुद्दाम खाली घेतला आणि फोन उचलला.

दमयंतीचा फोन जगदीशने घेतला. "वहिनी! कशा आहात? ती सोवळ्यात आहे हो, फोनला हात लावत नाही. नैवेद्याची भाजी चढवलीय."

"जगदीश, तिला म्हणावं, त्या गोळ्या बंद कर आणि आजच्या आज डॉक्टर गाठ."

"हो हो, सांगतो," तो म्हणाला, पण ते 'सांगतो' असं होतं, की सुलभाताईंनी फोन ठेवला आणि लगेच लेकीला लावला.

मुग्धा त्यांची एकुलती एक. आठव्या वर्षी या देशात आलेली. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये तिचं काम होतं. काढलेल्या गाठींचे पातळ काप काचेवर घेऊन त्यांना रंग द्यायचा, म्हणजे डॉक्टरला कुठलं प्रथिन कुठं आहे ते दिसतं. सगळं ऐकून घेतल्यावर ती एवढंच म्हणाली, "आई, शूज घाल. I'm coming."

ती आली तेव्हा मधुकररावही पिशवी घेऊन गाडीत मागे बसले. "मला तिथं पूजा सांगायची आहे," ते म्हणाले, "तुमच्या भांडणाशी माझा संबंध नाही."

गाडी एक्स्प्रेसवेला लागली. दोन्ही बाजूंना हिरवी कुरणं, आयांना ढुशा देत दूध पिणारी कोकरं, कुंपणाशी कोव्हाईच्या फुलांची पिवळी झुंबरं. सुलभाताईंना त्यातलं काहीच बघावंसं वाटेना.

"एक विचारतो," मधुकरराव मागून म्हणाले. "गोळ्यांनी कॅन्सर होतो असं तुम्ही तिथं जाऊन सांगणार आहात का? कारण तसं नाहीये. मी नेटवर वाचलंय."

"नाही होत," मुग्धा म्हणाली.

"मग झालं तर!"

"गोळ्यांनी झाला नाही, बाबा. गोळ्यांनी लपला." तिने गाडी डाव्या लेनला घेतली. "तुम्हाला रिपोर्ट वाचायला दिला होता. वाचलात?"

"त्यातलं मला काय कळणार?"

"मला कळलं," सुलभाताई म्हणाल्या.

खरंच कळलं होतं. ऑपरेशनचा रिपोर्ट आला तेव्हा त्यांनी मुग्धाला समोर बसवलं होतं आणि म्हटलं होतं, 'मला झालंय ना? मग मला दाखव.' लेकीने लॅपटॉपवर चित्र उघडलं. निळसर पेशींचे पुंजके आणि त्यांच्या मध्यात गडद तपकिरी ठिपके, दाटीवाटीने, तीळ सांडल्यासारखे. हे पी-फिफ्टी-थ्री, आई. पेशी एकाची दोन होण्याआधी हे तिला अडवतं, आतला मजकूर नीट उतरलाय का ते बघू देतं. चुकलं असेल तर दुरुस्त करायला लावतं, दुरुस्त होत नसेल तर पेशीला मरायला लावतं. 'मग इतकं भरपूर दिसतंय की,' सुलभाताई म्हणाल्या होत्या. मुग्धा म्हणाली, 'तेच वाईट आहे. चांगलं असतं तेव्हा काम झालं की मोडून जातं, म्हणून थोडंसंच दिसतं. हे बिघडलेलं आहे. मोडत नाही, नुसतं साठतं, आणि कुणालाच अडवत नाही.'

"मग सांगा की मलाही," मधुकरराव म्हणाले. "एवढं जर तुम्हा दोघींना कळलंय."

मुग्धाने आरशातून त्यांच्याकडे पाहिलं. "पेशी दुप्पट होते ती टप्प्याटप्प्याने. सायक्लिन नावाची प्रथिनं असतात. एखादं सायक्लिन वाढलं की पेशी पुढच्या टप्प्यात जाते, आणि काम झालं की ते सायक्लिन तोडून टाकायचं असतं. लगेच. राहिलं तर पेशी पुन्हा पुढं, पुन्हा पुढं. आईच्या पेशींत सायक्लिन-ई साठत राहिलं, कारण ते काढून नेणारं प्रथिन बिघडलेलं होतं. आणि पी-फिफ्टी-थ्री तर आधीच गेलं होतं. So nothing said stop."

"निर्माल्य," सुलभाताई समोरच्या रस्त्याकडे बघत म्हणाल्या. "कालचं फूल आज काढायचं. देवाला वाहिलेलं असलं तरी काढायचं. नाही काढलं तर कुजतं, मूर्तीसुद्धा खराब होते. माझ्या पोटात निर्माल्य काढणारं कुणी उरलं नाही."

मधुकरराव जरा पुढे वाकले. "म्हणजे लाइन आपोआप थांबवणारा इंटरलॉक गेला," ते म्हणाले. त्यांचा आवाज एकदम कारखान्यातला झाला होता. "सेन्सर चुकीचं रीडिंग देतोय, व्हॉल्व्ह बंद होत नाहीये, आणि लाइन चालूच. बाप रे. हे तर फार..."

"यंत्राचं म्हटलं की लगेच कळतं तुम्हाला," सुलभाताई म्हणाल्या.

ते पुन्हा मागे टेकून बसले.

"आणि गोळ्या?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं. आवाज बारीक होता.

"त्यातलं हार्मोन अस्तराच्या चांगल्या पेशींना थांबवतं," मुग्धा म्हणाली. "त्यांच्यात पी-ट्वेंटी-सेव्हन म्हणून एक ब्रेक असतो, तो लागतो. चांगल्या पेशी ऐकतात. अस्तर स्थिरावतं, रक्त थांबतं. आईच्या या प्रकारच्या कॅन्सरच्या पेशी त्या हार्मोनला जुमानत नाहीत. त्या चालूच राहिल्या. रक्त हा एकच आवाज बाहेर येत होता, बाबा, आणि आपण तो बंद केला. तीन सणांना."

"आधी कळलं असतं तर..."

"कदाचित. हेही मला नक्की सांगता येत नाही. I hate that I can't."

इथल्या बॉम्बे नावाच्या टेकड्यांचा चढ संपून ऑकलंडची घरं दिसू लागली.

जगदीशच्या दाराबाहेर रबरी जँडल्सचा आणि चपलांचा ढीग होता. दारापासून आतल्या मखरापर्यंत तांदळाच्या पिठाची पावलं काढलेली, त्यांवर हळदकुंकू. उंबऱ्यात नऊवारी नेसलेली दमयंती उभी. ओले केस पाठीवर, हातातल्या ताम्हनात दोन्ही मुखवटे. शेजारची सलोनी ताटलीवर चमचा वाजवत होती. तिने दोन-तीनदा वाजवला आणि सुलभाताईंना बघून तिचा हात तसाच राहिला.

"अय्या, वहिनी! तुम्ही?" दमयंतीचा चेहरा फुलला. "दादा म्हणाले, तुम्हाला झेपणार नाही. या या, बरं झालं आलात. तुमच्याशिवाय मला तर काही सुचतच नव्हतं."

"दमयंती, ते मुखवटे खाली ठेव."

"खाली कशा ठेवू? उंबऱ्यात आल्यात ना."

"बरं. मग हातात धरूनच ऐक."

"सुलभा," मधुकरराव मागून म्हणाले, "आत जाऊन, शांतपणे..."

सुलभाताईंनी स्कार्फची गाठ सोडली. सगळं डोकं गुळगुळीत, कानांमागे कुठं कुठं पांढरी लव उगवत होती. त्या टक्कल पडलेल्या डोक्याखाली कपाळावरचं कुंकू फार मोठं दिसत होतं. सलोनीच्या तोंडून 'आई गं' निघालं.

"हर्निया नव्हता मला. गर्भाशयाचा कॅन्सर आहे. गर्भाशय काढलं, सहा महिने झाले. मागच्या वर्षी याच दिवसांत मला लाल दिसलं, आणि मी डॉक्टरकडे जायच्या ऐवजी गोळ्या घेतल्या. गौरीपुरत्या. तुझ्याकडे ज्या आल्यात ना, त्याच पाकिटातल्या. पाळी गेल्यावर आलेलं रक्त ही पाळी नसते, दमयंती. तसं दिसलं म्हणजे कॅन्सरच असं नाही, पण आधी तपासायचं असतं. तू आज डॉक्टरकडे जायचंस."

दमयंतीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तिने आधी सलोनीकडे पाहिलं, मग जगदीशकडे. "सगळ्यांसमोर? वहिनी, माझं हे सगळ्यांसमोर?"

"हो. एकटीत सांगायला फोन केला होता. तुझ्यापर्यंत पोचला नाही."

"कसला फोन?"

जगदीश पायाने चप्पल सारखी करू लागला. "मी म्हटलं, पूजा झाल्यावर सांगू. उगीच ऐन वेळी..."

"आणि मला तर बरंच आहे," दमयंती घाईघाईने म्हणाली. "परवापासून घेतेय गोळी. अगदी थांबलंय. स्वच्छ. गुण आला बघा वहिनी, उगाच घाबरताय तुम्ही."

सुलभाताईंना वाटलं, हिच्या दोन मुस्काटात द्याव्यात. मग वाटलं, मागच्या वर्षीच्या आपल्याच मुस्काटात द्याव्यात. "माझंही थांबलं होतं," त्या म्हणाल्या. "अगदी असंच. स्वच्छ."

आत कुकरची शिट्टी झाली.

आणि मग दमयंती भडकली. पण ज्या दिशेने सगळ्यांना वाटलं होतं त्या दिशेने नव्हे. "म्हणजे फेब्रुवारीपासून?" ती सुलभाताईंना म्हणाली. "फेब्रुवारीपासून मी तुमच्यासाठी दर आठवड्याला मऊ भात, मेतकूट, सूप करून हॅमिल्टनला पाठवतेय, आणि तुम्ही मला हर्निया सांगता? सख्ख्या जावेला? तुम्ही एक शब्द बोलला असतात ना वहिनी, तर मी त्या गोळीला हात लावला असता का?"

"नसता लावलास," सुलभाताई म्हणाल्या. "मी गप्प बसले. हे म्हणाले म्हणून बसले, पण बसले मीच."

दमयंती मधुकररावांकडे वळली. आजवर त्यांच्यासमोर तिने पदर डोक्यावरून ढळू दिला नव्हता. "आणि तुम्ही, दादा? तुम्हाला ठाऊक होतं वहिनींना काय झालंय, आणि तुम्ही त्याच गोळ्या माझ्याकडे पाठवल्यात?"

"मला वाटलं, तीन दिवसांसाठी..."

"तुम्हाला वाटलं!"

"जगदीशनेच मागितल्या," मधुकरराव म्हणाले.

"मी मागितल्या कारण हिने सांगितलं म्हणून!" जगदीश म्हणाला. "ही म्हणाली, थोडं थोडं होतंय, धावपळीचं असेल."

"तू विचारलंस का कधीपासून होतंय?" सुलभाताई त्याला म्हणाल्या.

जगदीशने विचारलं नव्हतं.

"मे महिन्यापासून," दमयंती म्हणाली.

मुग्धा इतका वेळ दाराबाहेर फोनवर होती. ती आत डोकावली. "काकू, इथलं अर्जंट केअर क्लिनिक संध्याकाळपर्यंत उघडं आहे. मी बोललेय त्यांच्याशी. आज तपासतील, पुढचं रेफरल टाकतील. मग स्कॅन, बायोप्सी. चल. आत्ता."

"आत्ता?" दमयंतीने हातातल्या ताम्हनाकडे पाहिलं. "आणि यांचं काय? उंबऱ्यात आलेल्या गौरी सोडून जाऊ? इतकं कडक सगळं केलं, वहिनी. तुमच्यासारखं व्हावं म्हणून कालपासून पाण्याचा थेंब घेतला नाही."

सुलभाताई पुढे आल्या. पिठाच्या एका पावलावर त्यांचा पाय पडला, ते पुसलं गेलं, त्यांनी पाहिलं नाही.

"या कोण आहेत?" त्यांनी मुखवट्यांकडे बोट केलं. "माहेरवाशिणी ना? माहेरी आलेली मुलगी दारात उभी आहे आणि तिला कळतंय, की वहिनीच्या अंगावरून चार महिने जातंय आणि वहिनी ते लपवतेय. तर ती पाटावर बसून पुरणपोळी मागेल? की म्हणेल, 'अगं भवाने, आधी डॉक्टरकडे जा, मी बसते'? मी इतकी वर्षं यांचं केलं. एवढं तरी मला यांच्याबद्दल माहीत आहे. बाकीच्यांनी यांच्या नावावर काय काय खपवलं ते मला माहीत नाही." आता आवाज मऊ राहिला नव्हता. आत स्वयंपाकघरातून कुणीतरी गॅस बंद केल्याचा खटका आला. "पेशीला थांबवणारं प्रथिन बिघडतं, ते डोळ्यांना दिसत नाही, त्याच्यावर माझा राग नाही. ते आंधळं आहे. पण आपण सगळे डोळस होतो. मीसुद्धा!"

दमयंतीने ताम्हन एका हाताने छातीशी धरलं, दुसऱ्या हाताने एक मुखवटा उचलला आणि तो जगदीशच्या हातात दिला. दुसरा मधुकररावांच्या. रिकामं ताम्हन सलोनीकडे गेलं.

दोघे भाऊ उंबऱ्याच्या अलीकडे हातात एकेक गौर घेऊन उभे. मधुकररावांनी दोन्ही तळवे ओंजळीसारखे धरले होते, गरम भांडं धरावं तसे.

"सुलभा, पुरुष नाही आणत गौरी," ते म्हणाले. "आम्ही आता काय करायचं?"

"आत न्या. बसवा. पूजा करा, नैवेद्य दाखवा," सुलभाताई शूज पायात सरकवत म्हणाल्या. "तुम्हा दोघांना कसली अडचण येते?"

दमयंती नऊवारीतच गाडीत मागे बसली, ओल्या केसांनी सीट भिजवत. सुलभाताई तिच्या शेजारी बसल्या. स्कार्फ दारातच राहिला होता, तो आणायला कुणी गेलं नाही. मुग्धाने गाडी सुरू केली.

"मी अजून तुमच्याशी बोलत नाहीये," दमयंती खिडकीबाहेर बघत म्हणाली.

"नको बोलूस. डॉक्टरशी बोल. आणि कधीपासून ते विचारतील, तेव्हा खरं सांग."

"सांगितलं ना, मे."

सुलभाताई तिच्याकडे बघत राहिल्या. बायका किती महिने कमी करून सांगतात हे त्यांना आता स्वतःवरून कळत होतं. त्यांनीही पहिल्यांदा डॉक्टरला 'नाताळपासून' असं सांगितलं होतं.

दमयंतीने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"होळीपासून," ती म्हणाली.